राणी 'आपण' म्हणेल का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

राणी मिळाली! साठी उलटून गेल्यावर मला राणी मिळाली! रेडिओवरून निवृत्त झाल्यापासून डबिंगमध्ये माझ्या वाट्याला आल्या त्या सासवा, नर्सा, एक चेटकीण आणि सर्दीच्या गोळीच्या जाहिरातीतली आजी. आता एकदम महाराणी.

परदेशी सिनेमा आहे, एका खऱ्या राणीवरचा. नाव बाहेर फोडायचं नाही अशी करारात अट आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. करार म्हणजे करार. गोष्ट अशी — राणीच्या सुनेचं नवऱ्याशी पटत नाही, घटस्फोट होतो, ती राजवाडा सोडून जाते. लोकांची मात्र फार लाडकी. आणि एक दिवस अचानक मरण पावते. सगळा देश रस्त्यावर येऊन रडतो. राजवाड्याच्या फाटकाबाहेर फुलंच फुलं. आणि राणी गप्प! लोक आधी वाट बघतात, मग चिडतात. शेवटी ती एकटी चालत फाटकापर्यंत येते आणि बोलते. ते भाषण म्हणजेच सगळा सिनेमा.

डिरेक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुमचा आवाज कोरडा आहे. तोच हवाय." कौतुकच असावं. मी त्यांना मनातल्या मनात घाईबाई म्हणते, कारण त्या 'हॅलो'सुद्धा अर्धंच म्हणतात.

घरी सांगायला कोणी नव्हतं. सून कचेरीत, नात शाळेत. फ्रिजला सांगितलं. तो गुरगुरला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आवाजासाठी आजपासून तळलेलं बंद, थंड पाणी बंद, भांडण बंद. भांडायला आहे कोण म्हणा!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

संध्याकाळी सून खांद्यावरची पर्स न उतरवताच स्वयंपाकघरात आली. "अहो आई, जरा बसता का?" म्हणजे उभ्यानं ऐकण्यासारखं नव्हतं.

"आम्ही ठरवलंय," ती म्हणाली.

चष्मेवाला. तिनं सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं. गेल्या वर्षभरात तिच्या चष्म्याची काडी इतक्या वेळा सैल झाली की काडीलाही लाज वाटावी! माणूस चांगला आहे. उंच, जरा वाकलेला, बोलायला अवघड वाटलं की स्वतःचा चष्मा पुसत बसतो. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली. पलीकडच्या गावात त्याचं दुकान, वर घर, घरात आई. एप्रिलमध्ये नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं आणि शाळेला सुट्टी लागली की सून आणि नात तिकडे राहायला.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन," ती म्हणाली. "खरंच थांबेन. पण काहीतरी बोला."

मी म्हटलं, "चहा टाकू?"

तिनं पर्स उतरवली आणि आत निघून गेली.

आता इथे खरं लिहिते. लग्न मला टोचलं नाही. तिला अजून चाळिशीही लागलेली नाही. पलीकडचं गावही टोचलं नाही. टोचला तो 'आम्ही'. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हणजे तू धरून. 'आम्ही' म्हणजे तुला सोडून. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जी ऐटबाज भाषा शिकवली तिच्यात दोन्हींना मिळून एकच शब्द. त्या भाषेत कोणाला वगळलं ते कळतच नाही! फार सोयीची भाषा.

माझा मुलगा गेला त्या दिवशी सून सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. संध्याकाळी पहिलं वाक्य बोलली ते — "आपण थोडं खाऊन घेऊ." तेव्हापासून या घरात सगळं आपणच. आपण पडदे धुऊया, आपला नळ गळतोय, आपण रविवारी उशिरा उठू. तीन वर्षं.

आणि आज आम्ही.

सोमवार, १० फेब्रुवारी

डबिंगचा पहिला दिवस. खोलीच्या भिंतींना सगळीकडून स्पंज लावलेला, ओल्या लोकरीसारखा वास. समोर पडदा, बाजूला काच, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. तो दिवसातून दोन वाक्यं बोलतो. त्यातलं आजचं पहिलं, "या खोलीतून आवाज बाहेर जात नाही. किंचाळलात तरी."

"आणि माइक?"

"माइकमध्ये सगळं येतं. पोटातलं गुडगुडणंसुद्धा."

घ्या! एकटीनं रडायला जागा सापडली म्हणावं, तर तिथेच जगातले सगळ्यात तिखट कान!

घड्याळ काढून ठेवलं, करकरणाऱ्या चपला बाहेर. तोंड कोरडं पडून जीभ चिकटू नये म्हणून हिरव्या सफरचंदाची फोड. काम तेच जुनं — पडद्यावर राणीचे ओठ हलतात, त्यांच्या मापानं आपले शब्द बसवायचे. तिचे ओठ मिटले की आपल्याकडे प, ब, म असं काहीतरी हवं, नाहीतर बाई मासा झाल्यासारखी दिसते.

राणी हनुवटी वर ठेवते. ते मला येतं. शाळेत वक्तृत्वाच्या तासाला सिस्टर हनुवटीखाली पट्टी धरायच्या. पट्टीला हनुवटी टेकली की परत पहिल्यापासून! फिनेलनं पुसलेला तो लांब व्हरांडा, टोकाला पियानोची खोली, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. एकदा माझी मैत्रीण, शेजारच्या बाकावरची, तापानं गेली आणि आम्ही सगळ्या हुंदके द्यायला लागलो. तेव्हा मोठ्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "मुलींनो, रुमाल नाकासाठी असतो, डोळ्यांसाठी नाही." तेवढंच. मग प्रार्थना. मला त्यांचा राग नाही आला. मला त्या फार आवडायच्या. आज पडद्यावर राणीनं घडी केलेला रुमाल पर्समध्ये तसाच परत ठेवला, तेव्हा मी त्यांना ओळखलं!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज भांडण. माझं नाही, भाषांतरकाराचं आणि घाईबाईंचं. भाषांतरकाराला मी अनुस्वार म्हणते — बारीकसा, गोल, आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बसलेला!

प्रसंग असा — राजवाड्यात एक मोठी घंटा आहे. घरातलं माणूस गेलं तरच ती वाजते, परक्यासाठी नाही. लोकांचं म्हणणं, वाजवा. राजवाड्याचा कारभारी येतो आणि वाकून सांगतो, "महाराणी, त्या आता आपल्या कोणीच लागत नाहीत. घंटा वाजवता येणार नाही." राणी म्हणते, "आम्हाला ठाऊक आहे."

घाईबाई म्हणाल्या, "'आपल्या' काढा. प्रेक्षकाला वाटेल, कारभाऱ्याची पण सून होती."

अनुस्वार तापला. "अहो, हा मानाचा 'आपण' आहे! राणीला 'तुमच्या' म्हणायचं का? आणि राणीचा 'आम्ही' तोही मानाचा. एकटी असली तरी आम्हीच."

"एक राणी, तिला सगळे आपण म्हणतात आणि ती स्वतःला आम्ही! बाईला 'मी' म्हणायची सोय कधी?"

"नाहीच," अनुस्वार म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

त्याला गंमत वाटते. मी हेडफोन लावून आत बसले होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नातीला सिनेमातली राणी करून दाखवली. तेव्हापासून — "आम्हाला दूध नको आहे." "आम्ही गणितं केलेली नाहीत." आठ वर्षांची आहे! मी म्हटलं, "महाराणी, आपण दूध पिणार आहोत." तर म्हणते, "मग अर्धं तू पी!" प्यायले.

सून दारात उभी राहून हसली. माझं लक्ष गेल्यावर थांबली.

रविवार, १६ फेब्रुवारी

चष्मेवाल्याच्या आईचा फोन. सून बाहेर गेली होती, मी उचलला. आवाज खणखणीत.

"कोण बोलतंय?"

"मी सासू."

"अहो, सासू तर आता मी होणार!"

मग दोघीही हसलो. ती खरंच चांगल्या मनानं हसली. मग म्हणाली, "तसं नाही हो. पण आता तुम्ही तिच्या कोण लागणार? म्हणजे मला चारचौघांत ओळख करून द्यायची झाली तर काय सांगू?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

केला विचार. आपल्याकडे साडू आहे, विहीण आहे, मावससासू आहे, नवऱ्याच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा नाव आहे! याला नाही. मुलगा गेल्यावर सुनेनं दुसरं लग्न केलं की सासू तिची कोण? शब्दच नाही. जिथे शब्द नाही तिथे उभं राहायचं तरी कसं?

कारभारी बरोबर बोलला होता. कोणीच लागत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज फाटकाचा प्रसंग केला. राणी वरच्या खिडकीच्या पडद्याआडून फुलं बघते. संवाद नाही, फक्त श्वास. लोकांना वाटतं आम्ही नुसते शब्द बोलतो. श्वासही बोलावे लागतात! ती घेते तिथे घ्यायचा, सोडते तिथे सोडायचा.

पहिला टेक झाला. रेकॉर्डिस्टचं आजचं वाक्य, "श्वास ओला येतोय."

घाईबाई म्हणाल्या, "राणी रडत नाहीये. कोरडा द्या."

दिला. मला जमतं ते.

आमच्या फाटकावर फुलं नव्हती. चष्मे होते, पोहायचे. माझा मुलगा नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचा. या गावातल्या अर्ध्या मुलांना पाण्यात पहिल्यांदा त्यानं सोडलं. एक दिवस सकाळच्या वर्गात काठावर बसला आणि उठलाच नाही. हृदय! ज्याचा श्वास सगळ्या गावात सर्वात लांब होता त्याचं हृदय! दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपला पोहायचा चष्मा आमच्या फाटकाला अडकवला. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. निळे, पिवळे, जांभळे, काही टोप्याही. क्लोरीनचा वास थेट माजघरापर्यंत. बायका उभ्या राहून रडायच्या, पोरं रडायची, त्याचे मित्र रडायचे. मी आत. मी रडले नाही. रुमाल नाकासाठी असतो.

चौथ्या दिवशी पहाटे मी ते सगळे काढले.

तेव्हापासून गावात माझी ओळख ठरली. 'चार दिवससुद्धा राहू दिले नाहीत हो!' वाण्याच्या दुकानात माझ्यामागे कोणीतरी बोललं, चांगलं मोठ्यानं. सून तेव्हा डॉक्टरांच्या गोळीनं झोपून होती. उठून बाहेर आली, मोकळं फाटक पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आधी वाटलं, तिला सावरू दे, मग सांगू. मग रोज सकाळी दूध, डबे, शाळेची बस. सांगायची वेळ निघून जाते. कुठे जाते कोण जाणे, पण जाते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आवाज बसला. घाईबाई म्हणाल्या, सुट्टी घ्या, बोलू नका. मला हसूच आलं. घरी मी दुसरं काय करते?

शनिवार, १ मार्च

सून पडद्यांची मापं घेत होती. तिकडच्या घराला इकडचे पुरतील का ते बघायला. स्टुलावर चढून, टेप दातात धरून. मी खाली स्टूल धरून उभी. मुलाच्या लग्नाच्या आधी हेच पडदे मी लावत होते, स्टूल त्यानं धरलं होतं.

त्या लग्नात मी मुलाकडची! पहिली रांग आमची, पहिला चहा आम्हाला, खुर्ची हलली तर चार माणसं धावत. मुलीकडून फक्त एक म्हातारी आत्या आणि खोकणारे वडील. आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. पुढे वडीलही गेले, आत्याही. माहेर संपलंच. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "आता हेच माहेर." म्हणायला काय जातं!

"अहो आई," ती वरून म्हणाली, टेप दातातच, "तारीख मिळालीये. अकरा एप्रिल." मग टेप काढून, "तुम्ही अजून काही बोलला नाहीत."

"स्टूल हलतंय," मी म्हटलं. "आधी उतर."

ती उतरली. माझ्यापुढे उभी राहिली. "तुम्ही रागावला असाल तर रागवा. ओरडा. पण ही अशी गप्प नका राहू. मला वाटतं, तो गेला तेव्हाही मी इथे एकटीच होते."

मी टेप गुंडाळून ठेवला.

रविवार, २ मार्च

एकटीच होते, म्हणाली. आणि मी? एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकेकट्या!

बघ, इथे मीही आम्ही लिहिलं.

मंगळवार, ४ मार्च

भाषण आज केलं. सगळं लिहून ठेवते.

राणी फाटक उघडून बाहेर येते. लोक मागे सरतात. ती फुलांतून वाट काढत उभी राहते आणि म्हणते — अनुस्वारानं लिहिलेलं असं — "आम्ही एक मुलगी गमावली आहे. आम्हाला शब्द सापडत नव्हते. आम्ही गप्प राहिलो, कारण आम्हाला तेवढंच येत होतं."

छान लिहिलंय. त्याला मनात म्हटलं, शाबास अनुस्वार!

लाल दिवा लागला. राणीचे ओठ उघडले, मिटले. मी बोलले. सगळा तुकडा एका दमात झाला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला. "ओठ बसले," तो म्हणाला.

घाईबाईंनी मात्र हेडफोन काढला. मग म्हणाल्या, "काय म्हणालात तुम्ही?"

"जे लिहिलंय तेच."

"नाही."

त्यांनी ऐकवलं. माझाच आवाज — "आपण एक मुलगी गमावली आहे."

मला पत्ताच नव्हता! आम्ही, आपण. दोन्हींत आधी 'आ', मग ओठ मिटतात. ओठांना दोन्ही चालतं! पडद्यावरची राणी काही सांगत नाही, आता कोण सांगणार मी कुठला शब्द बोलले?

अनुस्वार खुर्चीतून उठला. "राणी 'आपण' म्हणेल का? दीड तास ती आम्ही म्हणतेय!"

घाईबाई म्हणाल्या, "दीड तासानंतरच म्हणेल ना!"

"मुळात तसं नाहीये."

"मुळात दोन शब्दच नाहीयेत! त्यांना बिचाऱ्यांना निवडायलाच लागलं नाही."

"म्हणून आपण निवडायचं?" अनुस्वार म्हणाला.

"बघा, तुम्हीसुद्धा!" घाईबाई म्हणाल्या. आणि काचेपलीकडचा तो दगड, रेकॉर्डिस्ट, चक्क हसला.

शेवटी ठरलं की दोन्ही करून पाठवायचे. कुठला ठेवायचा ते वरचे लोक ठरवतील. 'आम्ही'चा टेक द्यायला मी पुन्हा आत गेले. शब्द पाचवीला पुजल्यासारखा रोज तोंडात, आणि आज बाहेर येईना! पाणी प्याले. सफरचंद खाल्लं. मग सिस्टरांची पट्टी आठवली, हनुवटी वर केली आणि दिला. एकदम निर्दोष, कोरडा.

पैजेवर सांगते, तोच घेतील.

शुक्रवार, १४ मार्च

स्टुडिओ संपला. सकाळी सवयीनं सफरचंद चिरलं.

गुरुवार, ३ एप्रिल

काम केलेल्यांसाठी उद्या सिनेमाचा खेळ आहे. दोन जागा. सुनेला विचारलं, येतेस? तिनं इतक्या आश्चर्यानं बघितलं की मला वाटलं मी दुसऱ्याच भाषेत बोलले.

शुक्रवार, ४ एप्रिल

थिएटर अर्धं रिकामं. सून माझ्या डावीकडे. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. लग्नाला आठवडा राहिलाय, पण तिचा चेहरा निकाल लागायच्या आदल्या दिवशीसारखा. निकाल माझ्याकडे होता.

मोठ्या पडद्यावर स्वतःचा आवाज म्हणजे आपल्याच घरात चोरासारखं शिरणं. फाटकाचा प्रसंग आला — फुलं, खिडकी, माझा कोरडा श्वास — तेव्हा सुनेनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी समोरच बघत राहिले.

मग भाषण. राणी चालत आली. ओठ उघडले, मिटले.

"आम्ही एक मुलगी गमावली आहे."

पैज जिंकले! आणि इतकं वाईट वाटलं! कसली आशा धरून बसले होते मी? की मी जे म्हणायला हवं ते सिनेमातली राणी म्हणेल, सुनेला ऐकू जाईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही? किती लबाड असतं माणूस!

बाहेर रिक्षाची वाट बघत बाकावर बसलो. सून म्हणाली, "छान केलंत. शेवटी मात्र जरा परकी वाटली."

"शेवटी मी दुसरं म्हणाले होते. त्यांनी घेतलं नाही."

"काय म्हणाला होतात?"

"आपण."

माझी सून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढते. कुठून निघालेलं पाणी कुठे झिरपतं ते तिला न सांगता कळतं.

"कोणाला म्हणाला होतात?" तिनं हळू विचारलं.

"त्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही," मी म्हटलं.

"मग आता इथे म्हणा."

रिक्षा आली. देवानं पाठवल्यासारखी. बसलो. अख्ख्या वाटेत रिक्षावालाच बोलत होता, त्याच्या मेहुण्याच्या गुडघ्याबद्दल.

शनिवार, ५ एप्रिल

आज बोलले.

नात शेजारी खेळायला गेली होती. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि माळ्यावरची कापडी पिशवी काढली. सून धावत आली, "अहो, या वयात काय चढता! मला सांगायचं ना!" मी पिशवी पलंगावर ओतली.

पोहायचे चष्मे. निळे, पिवळे, जांभळे. रबर चिकट झालेलं, काचा धुरकट. वास मात्र तोच! तलावाचा, पहाटेचा, त्याच्या टॉवेलचा.

ती खाली बसली. "मला वाटलं, तुम्ही टाकून दिलेत."

"टाकेन कशी गं?"

"मग काढलेत का?"

सांगितलं. चौथ्या दिवशी पहाटे मला दार वाजल्यासारखं झालं. बघते तर नात बाहेर. पाच वर्षांची पोर, झोपेच्या कपड्यांत, अनवाणी, थंडीत कुडकुडत. फाटकावरचा एकेक चष्मा काढायची, डोळ्यांना लावायची, परत अडकवायची. मी विचारलं, काय करतेस? तर म्हणाली, "बाबांचा शोधतेय. त्यातून ते दिसतील." तिला आत घेतलं, पांघरुणात गुंडाळलं आणि मग बाहेर जाऊन सगळे काढले. लोक काय म्हणतील हे तेव्हा सुचलंच नाही. नंतर सुचलं, तेव्हा सांगायला गेले असते तर माझा बांध फुटला असता. आणि तुझ्यापुढे फुटला असता तर तुला कोणी सावरलं असतं?

एवढं सगळं मी एका दमात बोलले. आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय!

सून म्हणाली, "मी सावरले असते तुम्हाला." मग म्हणाली, "मला तेच तर हवं होतं हो. कोणालातरी सावरायला मिळालं असतं."

मग आम्ही रडलो. नाही — आपण रडलो, असं तिला धरून लिहायला हवं. कसंही लिहा. रुमाल सापडेना, तेव्हा तिनं पडद्याचं टोक दिलं. नेणार होती तो पडदा!

नात आली, पलंगावर पसारा बघितला. "आपल्याकडे इतके चष्मे?" मग आमची तोंडं बघून, "तुम्ही दोघी पोहत होता का?"

संध्याकाळी भांडी लावताना मी म्हटलं, "त्या चष्मेवाल्याला फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, आपण ठरवलंय."

तिच्या हातातली ताटली घसरली. फुटली नाही, स्टीलची होती. गोल गोल फिरत किती वेळ वाजत राहिली! दोघीही तिच्याकडे बघत उभ्या. आमच्या घराची घंटा.

बुधवार, ९ एप्रिल

खोकी. दार उघडलं की खोकं, पाय टाकला की खोकं. नातीनं एक चष्मा ठेवून घेतला, जांभळा. बाकीचे माझ्याकडेच. तिकडच्या गावात तलाव आहे म्हणे. मी विचारलं नव्हतं, चष्मेवाल्यानं आपणहून शोधून ठेवलाय. चष्मा पुसत पुसत सांगितलंन.

खिडक्या उघड्या पडल्यात. पडदे मीच दिले. नव्या पडद्यांना अजून वेळ आहे. ऊन थेट पलंगावर येतं, शाळेच्या व्हरांड्यात यायचं तसं तिरपं. इतकं स्वच्छ दिसतंय घर, आणि इतकं मोठं! एप्रिलनंतर इथे आपण म्हणायला दुसरं माणूस नाही. एकटं माणूस 'आपण' म्हणू शकत नाही. राणीसारखं 'आम्ही' मात्र म्हणू शकतं.

आम्ही आज जेवलो नाही. आम्हाला भूक नव्हती.

शुक्रवार, ११ एप्रिल

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मुलीकडचं कोण?" चष्मेवाल्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं. सून खाली बघत होती.

मी उभी राहिले. जन्मभर मुलाकडची होते!